डाव्या हाताची शिवण

सीट उलटी करून मांडीवर घेतली आणि माझा हात तिथंच थांबला. घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. लांब पल्ल्याच्या ट्रकच्या ड्रायव्हरची सीट, वर काळं रेक्झिन, कडेला राखाडी पट्टी; अशा सीटा माझ्याकडे दिवसाला तीन-चार येतात, कुणाची फाटलेली, कुणाची खचलेली, एखादीत उंदरांनी संसार मांडलेला. या सीटचा ड्रायव्हर कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभा होता आणि कण्हत सांगत होता, की परवाच नवी करून घेतली, दिसायला नवरीसारखी आहे, पण डाव्या बाजूला काहीतरी टोचतं. दोन दिवस एका अंगावर बसून गाडी हाणतोय, घरी गेल्यावर बायको विचारेल, हे वाकडं ध्यान कुठून आणलं. एरवी मी वर दोन शब्द ऐकवले असते. मी तोंडाची फटकळ आहे, आणि आमच्या गल्लीत अर्धे ड्रायव्हर माझं ऐकून घ्यायलाच येतात. पण मी त्याच्याकडे बघतच नव्हते. मी सीटच्या खालच्या कडेची शिवण बघत होते. सीटचं कव्हर मशीनवर शिवतात, पण आत फोम भरल्यावर शेवटची एक बाजू हातानंच बंद करावी लागते, बाकदार सुईनं, मेण ओढलेल्या दोऱ्यानं. ती बाजू खाली जाते, कुणाला दिसत नाही, म्हणून तिथं माणूस खोटं बोलत नाही. उजव्या हाताच्या माणसाचा टाका एका अंगाला कलतो, डावखुऱ्याचा दुसऱ्या. हे टाके दुसऱ्या अंगाला कललेले होते. आता डावखुरे जगात पुष्कळ असतील. पण दर सातव्या टाक्याला दोरा एकदा मागे घेऊन अडकवायचा, म्हणजे पुढचा तुटला तरी मागचे उसवत नाहीत, ही खोड आमच्या बाबांची, आणि बाबांनी ती दोघांनाच शिकवली. एक मी. दुसरा माझा धाकटा भाऊ, ज्याला आम्ही घरात डाव्या म्हणायचो. तीन वर्षांपूर्वी तो आमच्या दारातून गेला, आणि तो जिवंत आहे की नाही हे मला त्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं.

मी ड्रायव्हरला म्हटलं, चार वाजता या. तो म्हणाला, चारलाच पाहिजे, सीमेवरचा कागद चारला मिळतो, मग थांबता येत नाही. मी मान हलवली. तो आंघोळीचं ठिकाण विचारून निघून गेला, आणि मी सीट मांडीवर घेऊन नुसती बसून राहिले. शेजारचा वेल्डर ठिणग्या उडवत होता. समोर एक ट्रक जॅकवर चढवून त्याचे स्प्रिंगचे पाटे काढायचं चाललं होतं. सगळं रोजचं होतं. मी बोटानं शिवण चाचपली. पहिला, दुसरा, तिसरा. टाके सरळ नव्हते. एक लांब, एक आखूड, एक वर चढलेला, आणि प्रत्येकाशेजारी रेक्झिनला एक-दोन रिकामी भोकं, म्हणजे सुई घातली, चुकली, काढली, परत घातली. थरथरत्या हाताची शिवण होती ती. मला वाटलं, जिवंत आहे. आणि लगेच वाटलं, हा असा जिवंत आहे.

आमच्या देशात ते नशेचं विष पिकत नाही, आणि आमच्यासाठी ते येतही नाही. एका सीमेवरून आत येतं, दुसऱ्या सीमेवरून बाहेर जातं, तिकडे पैसेवाल्या देशांत त्याची गिऱ्हाइकं बसलेली आहेत. आम्ही मधले. टीव्हीवर साहेब लोक सांगतात, की आपला देश हा फक्त मार्ग आहे, आणि ते असं सांगतात की जणू मार्गाला काही होत नाही. नळातून पाणी दुसऱ्यांच्या घरी जात असलं तरी सांध्याला गळती असतेच, आणि आमची गल्ली म्हणजे तो सांधा. इथं ट्रक थांबतात, टायर बदलतात, पाटे ठोकतात, सीटा शिवतात. कुणाला पेटीचा दुहेरी तळ लागतो, कुणाला टाकीत कप्पा, कुणाला सीटमध्ये पोकळी. आणि जे हे करून देतात त्यांना मजुरी मालातच मिळते, चिमूटभर, कागदात बांधून. विकायचं तर विका, घ्यायचं तर घ्या. वेल्डरचा मेहुणा त्यातच गेला. पलीकडच्या रेडिएटरवाल्याचे दोन्ही मुलगे गेले, एक मातीत आणि एक तुरुंगात. त्यामुळे गल्लीचा नियम असा, की आलेली सीट उसवायची, शिवायची, पण आधी कुणी शिवली आणि आत काय होतं, हे विचारायचं नाही. डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायचं. आम्हांला ते जड नाही, कातड्याचंच काम आमचं.

हा नियम मी इतका चांगला पाळला की त्यात माझा भाऊ गेला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती, डाव्या एकोणीस वर्षांचा होता, आणि दुकान माझ्या एकटीच्या अंगावर पडलं होतं. अशात एक ओळखीचा माणूस सीट घेऊन आला. म्हणाला, फोममध्ये हातभर पोकळी करून द्या, वरून कळता कामा नये, महत्त्वाचे कागद ठेवायचेत. कागद. कागद ठेवायला एवढी खोल पोकळी लागत नाही हे न कळण्याइतकी मी खुळी नव्हते. पण माझ्यापुढे आठ सीटांचा ढीग होता आणि डाव्या कोपऱ्यात दोऱ्याला मेण ओढत गाणं गुणगुणत बसला होता. मी ती सीट त्याच्याकडे टाकली आणि म्हटलं, हे तू कर, तुझा हात हलका आहे. त्यानं विचारलंसुद्धा, ताई, कसले कागद? मी म्हटलं, आपल्याला काय करायचंय. एवढंच. त्यानं ती पोकळी अशी शिवली की मला स्वतःला सापडेना. मी तोंडभरून कौतुक केलं. पुढच्या आठवड्यात तो माणूस परत आला तो थेट डाव्याला विचारतच. मग दुसरा आला, तिसरा आला. त्याच्या हाताचं नाव झालं. मला अभिमान वाटायचा, हे सांगायला आता जीभ रेटत नाही.

लहानपणी बाबा त्याचा डावा हात फडक्यानं कमरेला बांधून ठेवायचे. उजव्यानं शिव म्हणायचे, उलट्या हाताची शिवण गिऱ्हाइकाला आवडत नाही. बांधायचं काम आईकडे असायचं आणि ती इतकं सैल बांधायची की तो फडकं न सोडवताच हात बाहेर काढायचा. मी त्याच्यासमोर बसून पहारा द्यायचे, कारण बाबांनी मला तसं सांगितलेलं असायचं. मी नऊ वर्षांनी मोठी. तो उजव्या हातानं चार टाके घालायचा, ते कावळ्याच्या पायांसारखे पडायचे, मी खो खो हसायचे, मग त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि मी पाठ फिरवून म्हणायचे, चल, मी बघत नाही, घाल डाव्यानं. शेवटी बाबांनीच हात टेकले. म्हणाले, याच्या डाव्या हातात माझ्या दोन्ही हातांपेक्षा जास्त आहे. आणि त्याला त्यांनी आपली बाकदार सुई दिली, जिच्या नेढ्याखाली त्यांनी कानशीनं एक खाच केलेली होती, ओळखायला. आमच्याकडे सुया मोजतात. सीट बंद करण्याआधी सुया मोजायच्या, बंद केल्यावर परत मोजायच्या. आत राहिलेली सुई कुणाच्या अंगात शिरेल सांगता येत नाही. बाबा जेवताना शिव्या देत नसत, पण सुई मोजली नाही कळलं तर ताटावरून उठायचे.

मला आठवतं ते त्याचे नंतरचे हात. सकाळी उठला की थरथरायचे. चहाचा कप बशीत वाजायचा. मी म्हणायचे, जागरणं कमी कर. मग तो मागच्या बाजूला जायचा, पाच मिनिटांनी यायचा, आणि हात असे स्थिर की बघत राहावं. त्या दिवसांत त्यानं घातलेल्या टाक्यांपुढे मशीननं मान खाली घालावी. एकासारखा एक, कुठं श्वासाचासुद्धा फरक नाही. मी ती शिवण लोकांना दाखवायचे. मला फार उशिरा कळलं की ते टाके तो घालत नव्हता, त्याच्या अंगात गेलेलं ते घालत होतं. जेव्हा कळलं तेव्हा घरातल्या वस्तू जायला लागल्या होत्या. आधी छोट्या. मग एका दिवशी बाबांचं मशीन गेलं. त्या दिवशी मी रडले नाही, भांडले नाही. मी कुलूपवाल्याला बोलावलं आणि घराचं कुलूप बदललं. दोन किल्ल्या आल्या, एक माझी, एक आईची.

तो आला दुपारी. आई आत पलंगावर पडली होती, मी पुढच्या खोलीत भाजी निवडत होते. कुलपात किल्ली शिरल्याचा आवाज आला. फिरली नाही. परत काढली, परत घातली. मी उठून दाराशी गेले आणि हात तोंडावर दाबून उभी राहिले. मधे एक फळी होती, बोटभर जाडीची. तिसऱ्यांदा त्यानं किल्ली हळू घातली, जसं आपण झोपलेल्याला उठवताना हळू हाक मारतो, आणि मग थांबला. त्याला कळलं असणार. तो हाक मारेल म्हणून मी वाट बघत होते. मारली असती तर मी दार उघडलं असतं, असं मी तीन वर्षं स्वतःला सांगतेय. त्यानं हाक मारली नाही. पावलं गेली. बऱ्याच वेळानं मी दार उघडलं तर खिडकीच्या कठड्यावर जुनी किल्ली ठेवलेली होती, नीट, कडेला समांतर. आतून आईनं विचारलं, कोण होतं. मी म्हटलं, कुणी नाही, दार चुकलं होतं कुणाचं तरी. आईनं बरं म्हटलं. पुढे मी तिला सांगितलं की डाव्याला दूरच्या शहरात सोफ्याच्या कारखान्यात काम लागलंय, आणि ती त्यालाही बरं म्हणाली.

आणि आता ही सीट. वेल्डर काच वर करून म्हणाला, काय गं, सीट उबवायला बसलीस का. मी म्हटलं, तू तुझी कवटी भाज. तेवढ्यानं जरा बरं वाटलं. उसवायची तर होतीच, पण माझा हात कात्रीकडे जाईना. आत काय असेल याची मला भीती होती. टोचतं म्हणजे पुडक्याचा कोपरा असेल, डबी असेल. आमच्या गल्लीत सीट टोचते ती काही काट्यानं टोचत नाही. आत पुडकं निघालं तर ड्रायव्हर त्यांच्यातला, आणि मग त्याला काही विचारणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पुडकं निघालं तर डाव्या अजून तेच करतोय, थरथरत्या हातानं पोकळ्या शिवतोय आणि चिमटीवर जगतोय. सीट उसवली नाही तोवर यातलं काहीच खरं नव्हतं. मी चहा मागवला, तो गार होऊ दिला, दोरा मेणावरून उगाचच चार वेळा ओढला. मग स्वतःलाच म्हटलं, बाई, एकदा न विचारून काय झालं ते बघितलंस ना. आणि कात्रीचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं.

टाके मी तोडले नाहीत, एकेक उचलून उसवले. दर सातव्याला ती बाबांची गाठ लागायची आणि मी थांबायचे. कव्हर बाजूला झालं. फोम एकसंध होता. मी तळहातानं सगळीकडे दाबून पाहिलं, कडा वाकवून पाहिल्या, मग न राहवून पाठीमागून चिरूनही पाहिलं. पोकळी नव्हती. कुठंच नव्हती. साधी, सरळ, माणसानं बसायची सीट होती. आणि डाव्या अंगाला, फोमच्या वरच्या थरात, दोऱ्यानं दोन ठिकाणी घट्ट बांधलेली एक बाकदार सुई होती. हलू नये, आत जाऊ नये अशी बांधलेली. मी ती सोडवली. टोक घासून बोथट केलेलं होतं, लहान मुलाच्या हातात दिली तरी लागू नये इतकं. नेढ्याखाली खाच होती. मी ती मुठीत धरली आणि माझं सगळं फटकळपण कुठं गेलं कोण जाणे. मी त्या फोमच्या तुकड्यात तोंड घालून रडले, आणि वेल्डरनं शहाण्यासारखी काच खाली ओढून घेतली. विसरलेली सुई अशी बांधलेली नसते. ड्रायव्हरला टोचावं, पण लागू नये. टोचलं की तो सीट दाखवणार, आणि या रस्त्यावर सीट दाखवायला माझ्याशिवाय दुसरं कोण आहे?

दुकानाच्या मागेच आमचं घर. मी ते कव्हर घेऊन आईकडे गेले. दोन वर्षांत आईची नजर बरीच गेलीय. उजेड कळतो, माणूस कळतो, बारीक काही कळत नाही. पण बोटं शाबूत आहेत. ती जुनी बटणं आकारानं वेगळी करत बसली होती, ते काम तिनं स्वतःच स्वतःला लावून घेतलेलं. मी कव्हरची कड तिच्या हातात दिली. उसवलेल्या शिवणीची भोकं होती आणि शेवटचे दहा-बारा टाके मी राखले होते. आईनं बोट फिरवलं. एकदा या टोकाकडून त्या टोकाकडे, मग परत. मी सोफ्याच्या कारखान्याचं काहीतरी जुळवायला लागले होते, तेवढ्यात ती म्हणाली, "थरथरतोय." मी म्हटलं, हो. मला वाटलं आता ती रडेल. पण ती पुन्हा भोकांवरून बोट फिरवायला लागली, मोजल्यासारखी, आणि हळूहळू तिचा चेहरा असा झाला, जसा लहानपणी आमचा ताप उतरल्यावर व्हायचा. म्हणाली, "अगं, तलफ आलेला माणूस दोन हात लांब शिवण पुरी करतो होय? अर्ध्यात टाकून पळतो. आणि घेतलेल्याचा हात थरथरत नाही. हा न घेता बसलाय. चुकतोय, उसवतोय, परत घालतोय." एवढी वर्षं शिवणी वाचायचा टेंभा मी मिरवला, आणि हे मला वाचता आलं नव्हतं.

तेव्हा मी तिला सांगितलं. पहिली सीट त्याला मीच दिली होती, आणि आत काय ठेवणार ते मला कळत होतं. आईनं बटणांची वाटी बाजूला सारली. मग म्हणाली, "मीच तर रोज तुझ्या मागे लागले होते, पोरगा रिकामा बसतो, त्याला जबाबदारीचं काहीतरी दे म्हणून." आणि तेवढ्याच सुरात, जणू भाजीत मीठ कमी आहे म्हणतेय, "त्या दुपारी मी झोपलेले नव्हते. त्याच्या किल्लीचा आवाज मला पलंगावर कळला. मीपण उठले नाही." बाहेर कुणीतरी लांबलचक हॉर्न वाजवत होतं. मग आईनं विचारलं, कुलूप अजून तेच आहे का. मी म्हटलं, तेच. तिनं गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला चाचपत गाठ सोडली, त्यातली किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाली, मला आता एकटीला कुठं बाहेर जायचंय.

ड्रायव्हर तीनलाच आला, आंघोळ करून, ओले केस विंचरून, कंबर मात्र तशीच वाकडी. सीटचे चार तुकडे बघून त्याचं तोंड पडलं. मी त्याला स्टूल दिलं, चहा दिला, आणि गल्लीचा नियम मोडला. विचारलं, ही कुणी शिवली. तो सहज बोलायला लागला, लपवण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतंच. दोन दिवसांच्या रस्त्यावर, पलीकडच्या सीमेच्या अलीकडे, एका दवाखान्यामागे पत्र्याची शेड आहे. व्यसन सोडायला आलेली माणसं तिथं राहतात आणि हाताला काम म्हणून सीटा शिवतात. शिवणारा एक हडकुळा माणूस, डावखुरा, फार बोलत नाही. एका सीटला तीन दिवस लावले. हात कापतात बिचाऱ्याचे, पण कुणी मदतीला आलं की हातानंच नको म्हणतो. आठ महिने झाले म्हणे त्याला तिथं. सीट तयार झाली तेव्हा त्यानं विचारलं, आता कुठल्या रस्त्यानं जाणार. ड्रायव्हरनं या रस्त्याचं नाव सांगितलं. तर तो म्हणाला, एक तास द्या, एक टाका राहिलाय. परत आत घेऊन गेला. ड्रायव्हर म्हणाला, "त्या तासातच काहीतरी घोळ झाला बघा, ताई. आधी बसून बघितली तेव्हा टोचत नव्हती."

मी मूठ उघडून त्याला सुई दाखवली. तो माझा भाऊ आहे, एवढंच सांगितलं. ड्रायव्हर सुईकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग कप खाली ठेवून म्हणाला, तिकडे परत कधी जाणार असं विचाराल तर आठ दिवसांनी माल उतरवून त्याच रस्त्यानं जातोय. मी दुसरी मूठ उघडली. म्हटलं, ही आमच्या घराची किल्ली आहे. ही मला तुमच्या सीटमध्ये शिवायची आहे. तुम्हांला दाखवून, विचारून शिवतेय. नको म्हणालात तर नाही शिवणार. खिशात घालून न्यायलाही दिली असती, पण खिशातून आलेली किल्ली त्याला कुणीही दिलेली वाटेल. शिवणीतून आली तर ती वाचता येईल त्याला. ड्रायव्हरनं किल्ली हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. आमच्या रस्त्यावरच्या माणसाला सीटमध्ये काही शिवायचं म्हटलं की अंगावर काटा येतो, आणि तो यायलाच हवा. त्यानं नखानं ती वाजवून पाहिली, पोकळ नाही ना म्हणून. मला राग आला नाही. मग म्हणाला, म्हणजे मी टोचणं काढायला आलो आणि नवं टोचणं घेऊन चाललो. मी म्हटलं, यावेळी उजव्या बाजूला घालते, म्हणजे तुमची कंबर सरळ होईल. तो हसला आणि बसा, शिवा म्हणाला.

फोममध्ये किल्लीएवढीच पोकळी केली. अकरा वर्षांपूर्वी डाव्यानं केली होती तशी, फक्त बोटभर. किल्ली आत ठेवली, दोऱ्यानं दोन ठिकाणी बांधली, हलू नये अशी. कव्हर चढवलं, तीन बाजू ओढून बसवल्या. चौथी बाजू उरली. दुकानात तेव्हा सहा बाकदार सुया होत्या, बाबांची धरून सात. मी सात मोजल्या. त्यातली दुसरी एक घेतली, दोरा ओवला, आणि मग ती उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. एकोणचाळीस वर्षांत मी डाव्या हातानं एक टाका घातलेला नाही. पहिला टाका भलतीकडेच गेला. काढला. परत घातला. बोटाला टोचली. मला तो समोर बसलेला दिसत होता, कमरेला फडकं, डोळ्यांत पाणी, आणि मी त्याच्या कावळ्याच्या पायांना हसतेय. आता माझे कावळ्याचे पाय पडत होते, एक लांब, एक आखूड, एक वर चढलेला, आणि प्रत्येकाशेजारी चुकलेली भोकं. दर सातव्याला दोरा मागे घेऊन अडकवत गेले. ड्रायव्हर घड्याळ बघत होता. वेल्डर काच वर करून उभा राहिला, त्याला वाटलं मला अर्धांगवायू झाला. मी म्हटलं, कामाला लाग. शेवटची गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि सुया परत मोजल्या. सात.

चारला पाच कमी असताना ड्रायव्हर केबिनमध्ये चढून सीटवर बसला, मागेपुढे झाला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, आहे बुवा, टोचतंय. मग खिडकीतून वाकून त्यानं विचारलं, शेडमध्ये गेल्यावर त्या माणसाला नक्की काय सांगू. मी बरंच काही मनात जुळवून ठेवलं होतं. क्षमेचं होतं, आईच्या डोळ्यांचं होतं, बाबांच्या मशीनचं होतं, की ते गेलं तर गेलं.

"काही सांगू नका," मी म्हटलं. "टोचतंय म्हणा, आणि उसवायला द्या."